सात तलावांचा तक्ता: पायथनमधून वेबपानावरची माहिती आणणे आणि पाठवणे

जून संपत आला की मुंबईत सकाळच्या चहाबरोबर एक आकडा हमखास विचारला जातो: तलावांत पाणी किती आले? अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी या सात तलावांमधला सकाळी ६ वाजताचा साठा महापालिका रोज जाहीर करते. आमच्या दादरच्या सोसायटीत तो जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिण्याची आणि सोसायटीच्या छोट्याशा संकेतस्थळावर नोंदवण्याची पद्धत आहे. काही वर्षे हे काम मी हाताने केले. एक पान उघडायचे, आकडे वाचायचे आणि दुसऱ्या पानावरच्या फॉर्ममध्ये ते टंकायचे. पुढे ते पायथनच्या एका छोट्या प्रोग्रॅमकडे सोपवले. त्या प्रोग्रॅममध्ये मुळात दोनच क्रिया आहेत: एका पानावरून माहिती आणणे आणि दुसऱ्या पानाकडे माहिती पाठवणे. त्या कशा कराव्यात, आणि विशेषतः मजकूर मराठी असताना त्यात कुठे ठेच लागते, ते याच तक्त्याच्या आधारे येथे सांगतो. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत लिहायची आहेत.

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद एचटीटीपी या नियमावलीनुसार चालतो. ब्राउझर विनंती पाठवतो आणि सर्व्हर उत्तर देतो. विनंतीचे प्रकार अनेक आहेत, पण आपल्याला गेट आणि पोस्ट हे दोनच लागतात. १९९१ सालच्या पहिल्या, अगदी साध्या आवृत्तीत गेट ही एकच विनंती होती; १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या १.० आवृत्तीच्या दस्तऐवजात पोस्टही आली. दोहोंतला फरक सरकारी कार्यालयात कधी गेलेल्या कोणालाही चटकन कळेल. चौकशीच्या खिडकीवर एकच प्रश्न दहा वेळा विचारला तरी कार्यालयाच्या दप्तरात काही बदलत नाही, ती गेट. आवक खिडकीवर अर्ज दिला की त्याची नोंद होते, आणि तोच अर्ज दोनदा दिला तर नोंदीही दोन होतात, ती पोस्ट. हा फरक प्रोग्रॅम लिहिताना सतत डोळ्यांसमोर ठेवावा, कारण गेट विनंती फसली तर ती निर्धास्तपणे पुन्हा करता येते आणि पोस्टच्या बाबतीत तसे करता येत नाही.

प्रोग्रॅमची पहिली ओळ लिहिण्याआधी हवे ते पान ब्राउझरमध्ये उघडावे, एफ-१२ ही कळ दाबून डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क हा भाग पाहावा आणि पान पुन्हा लोड करावे. ब्राउझरने कोणत्या पत्त्यावर कोणती विनंती पाठवली, सोबत कोणते हेडर, म्हणजे विनंतीविषयीच्या माहितीच्या ओळी, दिले आणि उत्तर काय आले, हे सगळे तेथे क्रमाने दिसते. ही पायरी गाळू नये. पुष्कळ पानांवर डोळ्यांना दिसणारा तक्ता मूळ पानात नसतोच. पान उघडल्यावर जावास्क्रिप्ट दुसऱ्याच एका पत्त्यावरून आकडे मागवते आणि तक्ता भरते. अशा पानाला पायथनने विनंती केली तर रिकामा सांगाडा हाती येतो आणि नवखा माणूस आपला प्रोग्रॅम चुकला असे समजून तासन्‌तास घालवतो. नेटवर्कच्या यादीत तो दुसरा पत्ता सापडला तर काम उलट सोपे होते, कारण तेथून बहुधा जेसन या सुटसुटीत स्वरूपात माहिती येते आणि पानाची चिरफाड करावीच लागत नाही.

साधनांविषयी फार सांगण्यासारखे नाही. पायथनमध्ये यूआरएललिब हे अंगभूत मोड्यूल आहे आणि त्याने सर्व काही करता येते, परंतु केनेथ राइट्झ यांनी २०११ साली आणलेली रिक्वेस्ट्स ही लायब्ररी वापरायला इतकी सरळ आहे की मी तीच सुचवीन. पानातून तक्ता वेचण्यासाठी लेनर्ड रिचर्डसन यांची ब्यूटिफुल सूप ही लायब्ररी घ्यावी. दोन्ही पिप इन्स्टॉल या आज्ञेने मिळतात.

पान आणताना

रिक्वेस्ट्स डॉट गेट या फंक्शनला पानाचा पत्ता दिला की उत्तराचे ऑब्जेक्ट परत मिळते. एवढ्याने काम झाल्यासारखे वाटते, पण पत्त्यासोबत आणखी दोन गोष्टी नेहमी द्याव्यात. पहिली म्हणजे टाइमआउट. रिक्वेस्ट्समध्ये तो आपोआप लागू होत नाही. सर्व्हरने जोडणी घेतली आणि उत्तरच दिले नाही, तर प्रोग्रॅम कितीही वेळ तसाच ताटकळत उभा राहतो. टाइमआउटसाठी दोन आकड्यांची जोडी देता येते, जसे जोडणीसाठी ५ सेकंद आणि उत्तरासाठी ३० सेकंद. यातला दुसरा आकडा संपूर्ण पान उतरवण्याची मुदत नसून सर्व्हरकडून काहीच न येता किती वेळ थांबायचे याची मुदत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे यूजर-एजंट हा हेडर. तो न दिल्यास रिक्वेस्ट्स आपले स्वतःचे नाव आणि आवृत्ती कळवते. त्याऐवजी प्रोग्रॅमचे नाव आणि आपला ईमेल पत्ता लिहावा, म्हणजे आपल्यामुळे समोरच्या सर्व्हरला काही त्रास झालाच तर तो चालवणाऱ्याला आपल्याला गाठता येते. ब्राउझर असल्याची बतावणी करण्यापेक्षा मला हे कधीही अधिक योग्य वाटते.

पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर जोडायची माहिती हाताने जोडू नये. ती पॅरॅम्स या पर्यायात डिक्शनरी म्हणून, म्हणजे नाव आणि मूल्य यांच्या जोड्यांच्या रूपात, द्यावी. मराठी शब्दांसाठी तर हे आवश्यकच आहे. ‘मुंबई’ या शब्दात संगणकाच्या दृष्टीने म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशी ५ चिन्हे आहेत, यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत त्यांचे १५ बाइट होतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण व दोन अक्षरे अशा रूपात लिहिला जात असल्याने अखेर ४५ अक्षरांची माळ तयार होते. ती रिक्वेस्ट्सने तयार केली तर चुकत नाही.

उत्तर आल्यावर आधी स्टेटस कोड पाहावा. २०० म्हणजे उत्तर व्यवस्थित दिले, ४०४ म्हणजे पान नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा विचारत आहात, ५०३ म्हणजे सर्व्हर सध्या सेवा देऊ शकत नाही. रेझ फॉर स्टेटस ही मेथड बोलावली की ४०० पासून पुढचे सगळे कोड चूक म्हणून समोर येतात. मात्र २०० वर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘आपले सत्र संपले आहे’ किंवा ‘संकेतस्थळाची देखभाल सुरू आहे’ असे सांगणारी पानेही कित्येकदा २०० हाच कोड घेऊन येतात. म्हणून माझा प्रोग्रॅम पानाच्या मजकुरात ‘भातसा’ हा शब्द आहे का, ते आधी तपासतो आणि तो नसेल तर तेथेच थांबतो.

मराठी अक्षरांचा गोंधळ

येथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये हा भाग एका वाक्यात उरकतात आणि मराठी वाचक नेमका येथेच अडकतो. सर्व्हर अक्षरे पाठवत नाही, बाइट पाठवतो. त्या बाइटांची अक्षरे कोणत्या पद्धतीने करायची हे कंटेंट-टाइप या हेडरमध्ये सांगितलेले असावे अशी अपेक्षा असते. ते तेथे नसेल आणि उत्तर टेक्स्ट प्रकारचे असेल, तर रिक्वेस्ट्स जुन्या नियमाला धरून आयएसओ-८८५९-१ ही पश्चिम युरोपीय भाषांची पद्धत गृहीत धरते. पानाच्या आत मेटा टॅगमध्ये, म्हणजे पानाविषयीची माहिती देणाऱ्या खुणेत, यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहिलेले असले तरी ती तिकडे पाहत नाही. परिणामी उत्तराच्या टेक्स्ट या गुणधर्मात मराठीच्या जागी निरर्थक खुणांची रांग दिसते.

ती रांग जवळून पाहिली तर रोगाचे निदान तिच्यातच मिळते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यातला पहिला बाइट सर्वांचा एकच असतो. चुकीच्या पद्धतीने वाचल्यावर तो डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन ‘ए’सारखा दिसतो. दुसऱ्या बाइटाच्या दोनच शक्यता आहेत. स्वर, व्यंजने, अनुस्वार, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्यासाठी तेथे चार बारीक टोके असलेले वर्तुळ, म्हणजे चलनाची सर्वसाधारण खूण दिसते. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त आणि देवनागरी अंक यांच्यासाठी जपानी येनची खूण दिसते. पडद्यावर रेघवाला ‘ए’ आणि वर्तुळ किंवा येन अशा जोड्या पुन्हा पुन्हा दिसल्या, तर मूळ माहिती शाबूत आहे आणि फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे असे खुशाल समजावे. उपाय एका ओळीचा आहे: टेक्स्ट वाचण्याआधी उत्तराच्या एन्कोडिंग या गुणधर्मात यूटीएफ-८ लिहावे. त्याहून चांगले म्हणजे टेक्स्टच्या वाटेला न जाता कंटेंट या गुणधर्मातले कच्चे बाइट तसेच ब्यूटिफुल सूपकडे द्यावेत, कारण ती मेटा टॅग वाचून योग्य पद्धत स्वतः ठरवते.

याहून वेगळा एक गोंधळ जुन्या मराठी पानांवर भेटतो. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये मजकूर तयार होत असे. तेथे साठवलेली अक्षरे खरोखरच रोमन किंवा चिन्हरूप असतात आणि फक्त फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. अशा पानावर एन्कोडिंग कितीही बदलले तरी उपयोग नाही. त्या त्या फॉन्टसाठी बनवलेला परिवर्तकच लागतो. पानात येनच्या जोड्या नसून वेगवेगळी रोमन अक्षरे विस्कळीत पसरलेली दिसली, तर हा प्रकार असल्याचा संशय घ्यावा.

तक्ता वाचणे

ब्यूटिफुल सूपच्या मदतीने तक्ता शोधावा, त्याच्या ओळी घ्याव्यात आणि प्रत्येक ओळीतला पहिला रकाना तलावाचे नाव म्हणून वाचावा. ‘तिसरा तक्ता, पाचवी ओळ’ असे क्रमांक प्रोग्रॅममध्ये लिहू नयेत, कारण पानावर कोणी एक सूचना वाढवली की सगळे क्रमांक सरकतात. शीर्षकातल्या शब्दांवरून रकाना आणि नावावरून ओळ शोधावी. नावांची तुलना करतानाही सावध राहावे. डोळ्यांना सारखे दिसणारे मराठी शब्द आतून वेगळे असू शकतात. ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्या कोणी ऱ या स्वतंत्र अक्षरावरून लिहितो, तर कोणी साध्या र ला हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक देऊन लिहितो, आणि संगणक ते दोन वेगळे शब्द मानतो. पायथनच्या युनिकोडडेटा मोड्यूलमधले नॉर्मलाइझ हे फंक्शन असे काही फरक मिटवते, परंतु हा जोडकाचा फरक मिटवत नाही; तो स्वतः बदलून घ्यावा लागतो.

आकड्यांच्या बाबतीत मात्र पायथन आपल्या बाजूने आहे. इंट या फंक्शनला देवनागरी अंक जसेच्या तसे कळतात, त्यांचे आधी इंग्रजी अंकांत रूपांतर करण्याची गरज नाही. ‘७,१७,०३७’ या मजकुरातले स्वल्पविराम काढून तो इंटला दिला की भातसाची एकूण उपयुक्त साठवण क्षमता, दशलक्ष लिटरमध्ये, संख्या म्हणून हाती येते. दशांश चिन्ह असेल तर फ्लोटही तसेच चालते.

आणलेली माहिती बरोबर आहे हे प्रोग्रॅमला कसे कळावे? यासाठी तक्त्यातच एखादी न बदलणारी गोष्ट शोधावी. सात तलावांच्या क्षमता अशा आहेत: अप्पर वैतरणा २,२७,०४७, मोडक सागर १,२८,९२५, तानसा १,४५,०८०, मध्य वैतरणा १,९३,५३०, भातसा ७,१७,०३७, विहार २७,६९८ आणि तुळशी ८,०४६ दशलक्ष लिटर. त्यांची बेरीज १४,४७,३६३ येते. माझा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी तक्त्यातल्या क्षमतांची बेरीज करतो आणि ती एवढी आली नाही तर आजचा साठा वाचलाच नाही असे समजतो. एखादी ओळ सुटली, रकाना सरकला किंवा स्वल्पविरामाच्या जागी भलतेच चिन्ह आले, तर ते येथे पकडले जाते. एकट्या भातसात जवळपास निम्मे पाणी मावत असल्याने ती एक ओळ चुकली तरी सबंध शहराच्या पाण्याचे चित्र बदलते, म्हणून ही तपासणी मला अनावश्यक वाटत नाही.

माहिती पाठवताना

पाठवण्याच्या कामाचीही सुरुवात नेटवर्कच्या यादीपासूनच करावी. फॉर्म एकदा हाताने भरून पाठवावा आणि ब्राउझरने नेमके काय पाठवले ते पाहावे. पडद्यावर रकान्याशेजारी ‘एकूण साठा’ असे लिहिलेले असले तरी सर्व्हरला पोहोचते ते त्या रकान्याच्या नेम या गुणधर्मातले नाव, आणि डिक्शनरीत तेच लिहायचे असते. रिक्वेस्ट्स डॉट पोस्टला ही डिक्शनरी डेटा या पर्यायातून दिली तर ती साध्या फॉर्मसारखी जाते, जेसन या पर्यायातून दिली तर जेसन म्हणून जाते, आणि फाइल जोडायची असेल तर फाइल्स हा पर्याय असतो. सर्व्हरला एक प्रकार हवा असताना दुसरा पाठवला, तर पुष्कळदा ‘रकाना रिकामा आहे’ अशी बुचकळ्यात पाडणारी तक्रार येते. आपण खरोखर काय पाठवत आहोत हे पाहायचे असल्यास एचटीटीपीबिन डॉट ऑर्ग या पत्त्यावर पोस्ट करून पाहावे. आलेली विनंती ती सेवा जशीच्या तशी परत दाखवते. खऱ्या माहितीऐवजी तेथे खोटीच माहिती द्यावी.

बहुतेक फॉर्ममध्ये न दिसणारे रकानेही असतात. सुरक्षिततेसाठी सर्व्हर प्रत्येक भेटीत एक नवे टोकन देतो आणि ते फॉर्मसोबत परत आले तरच नोंद स्वीकारतो. म्हणून आधी गेट करून फॉर्मचे पान आणावे, त्यातले सगळे छुपे रकाने वाचून डिक्शनरीत घालावेत आणि मगच पोस्ट करावे. एएसपी डॉट नेटवर चालणाऱ्या पानांमध्ये व्ह्यूस्टेट नावाचा हजारो अक्षरांचा छुपा रकाना दिसला तर घाबरू नये. तोही तसाच परत पाठवायचा असतो. टोकन कुकीशी, म्हणजे सर्व्हरने भेट ओळखण्यासाठी दिलेल्या छोट्या नोंदीशी, बांधलेले असल्याने दोन्ही विनंत्या एकाच सेशन ऑब्जेक्टमधून कराव्यात, ते कुकी आपोआप सांभाळते.

एक फसवा प्रसंग ध्यानात ठेवावा. संकेतस्थळाचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असताना आपण चुकून एचटीटीपी लिहिले, तर सर्व्हर ३०१ कोड देऊन योग्य पत्त्याकडे वळवतो. रिक्वेस्ट्स त्या वळणावर पोस्टचे गेट करते, भरलेली माहिती वाटेत गळते आणि शेवटी २०० कोडसह रिकामा फॉर्म समोर येतो. नोंद होत नाही आणि चूकही दिसत नाही. उत्तराच्या हिस्टरी या गुणधर्मात वाटेतली सगळी वळणे नोंदलेली असतात, ती तपासावीत.

आता पुन्हा पाठवण्याविषयी. काही वर्षांपूर्वी सोसायटीतल्या मुलांची एका संस्थेच्या सुट्टीतल्या शिबिरासाठी नावनोंदणी मी प्रोग्रॅमने केली. सर्व्हर मंद होता, म्हणून टाइमआउट झाल्यास तीन वेळा प्रयत्न करण्याची सोय मी ठेवली होती. उत्तर उशिरा येत होते एवढेच. नोंद प्रत्येक वेळी होत होती. त्यामुळे बऱ्याच मुलांची नावे तीन-तीनदा नोंदली गेली, जागा भरल्या असे दाखवले गेले आणि दुसऱ्या इमारतींमधल्या मुलांना प्रवेश नाकारला गेला. चूक संपूर्णपणे माझी होती, आणि ती निस्तरेपर्यंत इतरांच्या मुलांना दोन दिवस थांबावे लागले याचे मला आजही वाईट वाटते. तेव्हापासून मी एक फरक काटेकोरपणे पाळतो. कनेक्ट टाइमआउट ही चूक आली तर विनंती पोहोचलेलीच नसते, ती पुन्हा पाठवण्यात धोका नाही. रीड टाइमआउट आला तर नोंद झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा आधी गेट करून नोंदींची यादी पाहावी आणि आपली नोंद तेथे नसेल तरच पुन्हा पाठवावी. पोचपावती हाती नाही म्हणजे अर्ज पोहोचला नाही, असे येथे मानता येत नाही.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्राची चूक आली की ते तपासणारा व्हेरिफाय हा पर्याय बंद करण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. तो मानू नये, विशेषतः पासवर्ड पाठवत असाल तर मुळीच नाही. सर्व्हरने आपले प्रमाणपत्र मूळ प्रमाणपत्राशी जोडणारे मधले प्रमाणपत्र न दिल्याने ही चूक अनेकदा येते; ते प्रमाणपत्र मिळवून त्याचा समावेश केलेल्या फाइलचा मार्ग व्हेरिफायला द्यावा.

समोरचा सर्व्हर दुसऱ्याचा आहे याचे भान दोन्ही क्रियांमध्ये हवे. रोबॉट्स डॉट टेक्स्ट या फाइलमध्ये प्रोग्रॅमनी कोठे येऊ नये ते लिहिलेले असते. ही प्रथा १९९४ पासूनची आहे आणि ती वाचण्यासाठी पायथनमध्ये रोबॉटपार्सर तयारच आहे. अनेक पाने आणायची असतील तर मध्ये काही सेकंद थांबावे. ४२९ कोडसोबत रिट्राय-आफ्टर हा हेडर आला तर त्यात सांगितलेला वेळ पाळावा. कॅप्चा, म्हणजे समोर माणूसच आहे हे तपासणारे कोडे, असेल तेथे प्रोग्रॅम नको, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ चा विषय आहे, हेही माहीत असावे.

सगळे जुळून आल्यावर प्रोग्रॅम रोज ठरावीक वेळी आपोआप चालवता येतो. तसे करण्याआधी दोन गोष्टी जोडाव्यात. आणलेले कच्चे बाइट त्या दिवसाच्या तारखेच्या फाइलमध्ये जपून ठेवावेत, म्हणजे काही बिघडल्यास त्या सकाळी पान नेमके कसे होते ते पाहता येते. आणि तक्त्यावर छापलेली तारीख वाचून ती आजचीच आहे याची खात्री करावी. मुसळधार पावसाच्या सकाळी नवा तक्ता यायला उशीर झाला, तर पान उघडते, बेरीज जुळते, सगळे आकडे नीट वाचले जातात, पण ते कालचे असतात. अशा वेळी माझा प्रोग्रॅम काहीही न पाठवता थांबतो, वीस मिनिटांनी पुन्हा पान पाहतो आणि तोवर सोसायटीच्या पानावर कालचा साठा कालच्याच तारखेसह राहू देतो.